जाळरेषेवर जाण्याआधी

परतवाडा, 8 जानेवारी

चि. सोनूस,

आग अडवणाऱ्या जाळरेषांची कामं सुरू असल्याने संक्रांतीला घरी येणं जमणार नाही, असं तू परवा फोनवर म्हणालीस. तुझी आई थोडी हिरमुसली, मला मात्र बरं वाटलं. ऐन जानेवारीत बीट सोडून जाणारा वनरक्षक मला कधीच पटला नाही. तिळगूळ धारणीच्या एसटीने पाठवतो आहे, सेमाडोहला कुणाला तरी घ्यायला सांग.

तुझ्या बीटला पाठीवरचे दोन ब्लोअर मिळालेत, त्यातला एक कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही, आणि "मशीन मजुरांच्या ताब्यात द्या, त्यांना सगळं येतं" असं तुला सांगण्यात आलं, हेही तू बोललीस. तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच विषय आहे. तुमच्याकडे फोन मध्येच तुटतो, म्हणून लिहूनच कळवतो. पत्र नाक्यावरच्या कपाटात ठेव, मजुरांनाही वाचून दाखव.

पहिली गोष्ट. ब्लोअरला आपल्याकडे आग विझवायचं मशीन म्हणतात. विझवतोही तो, पण त्याचं खरं काम आग लागायच्या आधीचं आहे. आपलं मेळघाटचं जंगल सागाचं. जाळरेषा कापून, जाळून 15 फेब्रुवारीच्या आत तयार करायच्या, हा नियम मी नोकरीला लागलो तेव्हाही होता. पण सागाला तारखेशी काय घेणं? त्याची पानगळ मार्चपर्यंत चालते. जानेवारीत साफ केलेली रेषा होळीच्या सुमारास पुन्हा पानांनी झाकलेली असते आणि नकाशावर मात्र ती "पूर्ण" असते. हातभर लांब, कडकडीत वाळलेली ती पानं वाऱ्याने रेषेवर पसरली की आग चालत चालत पलीकडे जाते. आमच्या सुरुवातीच्या वर्षांत खराटे आणि दाताळी घेऊन टोळीच्या टोळी त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा फिरायची. आता दोन माणसं आणि एक ब्लोअर सकाळच्या वेळात तेवढं अंतर झाडून काढतात. म्हणून मशीन आगीची वाट पाहत नाक्यात पडून राहिलं तर ते वाया गेलं असं समज. दर आठ-दहा दिवसांनी रेषेवर फेरी झालीच पाहिजे.

रेषा झाडायचीही रीत आहे. दव पुरतं उडाल्यावर सुरू कर. ओलं पान जमिनीला चिकटतं आणि पेट्रोल फुकट जातं. वाऱ्याच्या दिशेने झाड, त्याच्याशी भांडू नकोस. नळी जमिनीलगत, थोडी तिरपी धरून चालीच्या लयीत डावी-उजवीकडे फिरवायची. पूर्ण रेस दर वेळी लागत नाही. निम्म्या रेसवर पान उडत असेल तर तेवढीच ठेव. इंजिन, पेट्रोल आणि कान तिन्ही वाचतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेषेच्या कडेला पाचोळ्याचा वरंबा राहू देऊ नकोस. घाईत काम केलं की नेमका तोच राहतो. रेषा स्वच्छ दिसते, पण कडेला गुडघाभर पानांची रास लागलेली असते. आग तिथे आली की जमिनीवरून सरपटणारी ज्वाळा एकदम उभी राहते आणि ठिणग्या रेषा ओलांडून जातात. पान जंगलात आत, दूरवर पातळ पसरलं गेलं पाहिजे. त्यासाठी कडेवरून दुसरा फेरा मारावा लागतो, तो मारायचा.

झाडायची ती फक्त रेषा. जंगलातला पाचोळा हे मातीचं अन्न आहे, त्याला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात रातवा पाचोळ्यातच उघड्यावर अंडी घालतो, घरटं म्हणून काही नसतंच. पुढे चालणाऱ्या माणसाला नजर जमिनीवर ठेवायला सांग. पायाजवळून पक्षी फडफडत उठला आणि लंगडल्यासारखं करत पुढे गेला, तर रेस सोडायची, तेवढा तुकडा हाताने साफ करून पुढे जायचं.

आता मशीनकडे येतो. तुझा बंद ब्लोअर बहुतेक पेट्रोलनेच बंद पडला असणार. गेल्या जूनमध्ये हंगाम संपल्यावर टाकीत उरलेलं मिश्रण तसंच ठेवून मशीन भिंतीला टेकवून दिलं असेल, पैज लावायला तयार आहे. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. मेळघाटचा पावसाळा तुला माहीत आहे. त्या टाकीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत ओत, उजेडात धर आणि थोडा वेळ हलवू नकोस. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आणि इथेनॉल. टाकीतली नळी तळातूनच ओढते, आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं. असं मशीन सुरू झालंच तर पिस्टन कोरडा चालून जाम होतो, म्हणजे सुरू न झालेलं बरं. ते सगळं काढून टाक, टाकी नव्या मिश्रणाने विसळून घे, टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर बदल. पेट्रोलच्या नळ्या दाबून पाहा. कडक झाल्या असतील, चिरा दिसत असतील तर त्याही बदल. तरीही नाही चाललं तर कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक झालेला असतो. तो बदलणं कारागिराचं काम आहे, परतवाड्याला पाठवून दे. मात्र कार्बोरेटरचे स्क्रू कुणाला फिरवू देऊ नकोस. "थोडं पेट्रोल कमी केलं की मस्त पळतं" म्हणणारे पुष्कळ भेटतील. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

मिश्रणाचं माप पक्कं लिहून ठेव. कंपनीचं स्वतःचं चांगलं टू-टी ऑइल असेल तर बहुतेक मशीनना 50 ला 1, म्हणजे एका लिटरला 20 मिलि, पाच लिटरच्या कॅनला 100 मिलि. साधं ऑइल वापरायचं तर प्रमाण वाढतं, काही ठिकाणी 25 ला 1 सांगतात. तुझ्या मशीनच्या पुस्तिकेत काय आहे ते पाहा, इथेनॉल कितपत चालतं तेही त्यातच असतं. "अंदाजाने एक झाकण" हा प्रकार बंद कर. मोजायला मापाची बाटली हवी, ती स्वस्तात मिळते आणि इंजिन हजारोंचं असतं. आधी निम्मं पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. टाकीत ओतायच्या आधी दर वेळी कॅन हलवायचा. कॅनवर मोठ्या अक्षरांत "मिश्रण" आणि तयार केल्याची तारीख लिही. महिन्याच्या वर झालेलं मिश्रण वापरू नकोस. लागेल तेवढंच बनव. मोटरसायकलच्या बाटलीतलं साधं पेट्रोल घाईत ब्लोअरमध्ये ओतल्याने मशीन गेल्याची उदाहरणं तुला प्रत्येक रेंजमध्ये ऐकायला मिळतील. आणि एक लक्षात ठेव, काही फोर-स्ट्रोक मशीनलाही मिश्रणच लागतं, काहींना ऑइल वेगळं भरावं लागतं. टाकीच्या झाकणावर खूण असते, ती वाच.

सुरू करताना मशीन मोकळ्या, उघड्या जमिनीवर ठेवायचं आणि एका हाताने घट्ट दाबून धरायचं. पाठीवर घेऊन दुसऱ्याने मागून दोरी ओढायची, हा आपल्याकडचा प्रकार मला मान्य नाही. रबरी पंप पाच-सहा वेळा दाब, चोक लाव, दोरी हळू ओढून जिथे जड लागते तिथपर्यंत आण आणि मग एकच झटका. "फट" असा आवाज आला की चोक काढायचा. इथेच सगळे अडतात. तो आवाज ऐकू न आल्याने चोक लावूनच ओढत राहतात, पेट्रोल आत साचतं, प्लग ओला होतो आणि मग हात तुटेस्तोवर ओढलं तरी उपयोग नाही. तसं झालं तर प्लग काढून पूस, वाळव, दोरी दोन-चारदा रिकामी ओढ, प्लग बसव आणि चोक न लावता, रेस पूर्ण देऊन सुरू कर. गरम इंजिनला चोक लागतच नाही. दोरी शेवटपर्यंत खेचायची नाही, सोडायचीही नाही. हातानेच परत आत जाऊ द्यायची.

धूळ हा तुझ्या मशीनचा दुसरा शत्रू. घरचं अंगण झाडणाऱ्याला फिल्टर महिन्यातून एकदा पाहिला तरी चालेल. तुझं मशीन मात्र राख आणि माती खातं. रोज संध्याकाळी फिल्टर काढून झटकायचा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावायचा. फिल्टर चोंदला म्हणून काढून ठेवून काम रेटायचं, हे कधीही नाही. इंजिनच्या पंख्यासारख्या पातळ पात्यांमध्ये पानांचा भुगा अडकतो, तो ब्रशने काढ. त्या बुजल्या की इंजिन तापून जाम होतं. हवा आत ओढणारी जाळी पानांनी झाकली गेली की जोर कमी होतो आणि माणूस उगाच रेस वाढवतो. प्लगची फट बहुतेक मशीनना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागते.

सायलेन्सरमध्ये एक बारीक जाळी असते. ती ठिणग्या अडवते. काजळीने भरली की मशीनचा दम जातो, आणि मग कुणीतरी शहाणा ती काढूनच टाकतो. दुसऱ्या कुठल्या कामात ते चाललं असतं, जंगलात नाही. जाळी तारेच्या ब्रशने साफ कर, फाटली असेल तर नवी लाव, आणि जाळी नसलेलं मशीन रेषेवर जाऊ देऊ नकोस. तसंच गरम मशीन पाचोळ्यावर टेकवायचं नाही. पाणी प्यायला थांबलेला माणूस सहज पाठीवरचं ओझं खाली ठेवतो, सायलेन्सर वाळल्या पानांत जातो, आणि वणवा अडवायला निघालेली टोळीच वणवा लावते. मशीन ठेवायचं ते उघड्या जमिनीवर किंवा खडकावर. पेट्रोल भरतानाही आधी अर्धं मिनिट मंद रेसवर चालवून बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, मग भरायचं, सांडलेलं पुसायचं आणि भरल्या जागेपासून चार-पाच पावलं दूर नेऊन सुरू करायचं. पूर्ण रेसवर एक टाकी जेमतेम तासभर चालते, त्यामुळे ही वेळ दिवसातून अनेकदा येणार. दर वेळी तेवढीच सावधगिरी हवी.

आता प्रत्यक्ष आगीबद्दल. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाचा इशारा तुझ्या मोबाइलवर येईल, पण उपग्रह ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. मचाणावरच्या माणसाने धूर आधी पाहिला तर त्याच्यावर विश्वास ठेव. पोहोचल्यावर आधी पाहायचं ते वारा, उतार आणि मागे फिरायची वाट. ज्वाळा गुडघ्याच्या खाली असेल तरच ब्लोअर घेऊन जवळ जायचं. त्याहून उंच असेल, आग चढावर धावत असेल किंवा बांबूच्या वाळल्या बेटात शिरली असेल, तर समोर जायचं नाही. मागे सरून पुढची रेषा रुंद करायची. चढावर आगीच्या वर कधीही उभं राहायचं नाही, मग तुला कुणीही काही सांगो.

काम शेपटीकडून सुरू करायचं, जिथे आग रस्त्याला, नाल्याला किंवा आधीच जळलेल्या जागेला टेकलेली आहे तिथून. मग बाजूने तोंडाकडे सरकायचं. नळी ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडाशी धरायची आणि पेटतं पान जळून काळ्या झालेल्या बाजूला ढकलायचं. नळीच्या तोंडाशी हवा ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिचं तोंड चुकीच्या बाजूला वळलं की तीच हवा भात्यासारखी आग फुलवते आणि निखारे न जळलेल्या पाचोळ्यात नेऊन टाकते. म्हणून नवख्या माणसाच्या हातात आगीजवळ मशीन द्यायचं नाही, आधी महिनाभर त्याला रेषेवर चालवू दे. ब्लोअरवाल्याच्या मागे हिरव्या फांद्या घेतलेली दोन माणसं हवीतच. जळता ओंडका, बुंधा किंवा गव्याचं धुमसणारं शेण यावर हवा मारू नकोस, तो विस्तव फुलतो. तिथे माती आणि पाणी. विझल्यावर लगेच घरी यायचं नाही. कडेने हात फिरवत जायचं आणि धुगधुगी शोधायची. येणाऱ्या वणव्यासमोर उलटी आग लावायचा निर्णय तुझा नाही, आरएफओ साहेबांशी वायरलेसवर बोलल्याशिवाय तो विषयच काढायचा नाही.

कपडे सुती घाल. टेरीकॉटचा गणवेश आगीजवळ अंगाला चिकटतो. वेणी टोपीच्या आत, ओढणी नाही, मजुरांच्या गळ्यात गमछा नाही. हवा ओढणारं तोंड पाठीजवळच असतं आणि सुटं कापड ते क्षणात ओढून घेतं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. "मजुरांना सगळं येतं" हे खरं आहे. तुझ्या बीटवरच्या कोरकू माणसांना वाऱ्याचा आणि उताराचा जेवढा अंदाज आहे तेवढा तुला यायला वर्षं लागतील, त्यांच्याकडून शीक. पण त्यांच्या पाठीवर दहा किलोचं, थरथरणारं, कानाशी 100 डेसिबलच्या आसपास आवाज करणारं मशीन आपण देतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने एवढ्या आवाजात उघड्या कानांनी दिवसाला 15 मिनिटंच काढावीत. आपली माणसं कानात कापसाचा बोळा घालून सकाळभर चालतात. हंगाम संपतो, मजुरी मिळते आणि घरी गेल्यावर नातवाचं बोलणं ऐकू येत नाही. कुणी तक्रार करत नाही, कारण ऐकू कमी येणं हे म्हातारपणात धरलं जातं. मी माझ्या टोळीतल्या माणसांचं हे झालेलं पाहिलं आहे. म्हणून एका टाकीनंतर माणूस बदलायचा, पट्टे ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे बसवायचे, हातमोजे द्यायचे, दिवसभर मशीन चालवून कुणाची बोटं बधिर, पांढरी पडत असतील तर त्याला दुसरं काम द्यायचं. इअरमफ आणि चष्मे प्रत्येकाला. इअरमफ लावलेल्या माणसाला मागचं काही ऐकू येत नाही, आणि जंगल वाघा-अस्वलांचं आहे. म्हणून त्याच्या सोबत एक मोकळ्या कानांचा माणूस नेहमी चालला पाहिजे. त्याने खांद्यावर हात ठेवला की मशीन बंद, ही खूण पहिल्याच दिवशी ठरवून टाक.

मार्चच्या अखेरीस मोह गळायला लागेल. पहाटे पडलेली फुलं पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालचं पान पेटवतात, आणि आपल्याकडचे कितीतरी वणवे तिथूनच सुटतात. भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 ची भीती घालून हे थांबत नाही. ज्या घराचं वर्षभराचं मीठ-मिरची त्या फुलांवर चालतं त्याला भीती घालू नये. त्याऐवजी गावातल्या बायांना विचार, कुणाचं झाड कुठलं आहे. फुलं पडायच्या आठवडाभर आधी ब्लोअर घेऊन जा आणि झाडाखालची जमीन साफ करून दे. पान पुन्हा पडलं तर पुन्हा जा. एका झाडाला पाच-दहा मिनिटं लागतात. ज्या गावात आम्ही हे केलं तिथली माणसं वणव्याच्या रात्री बोलवायच्या आधी आलेली होती. अंधाराचं अस्वलही मोहाखाली येतं, म्हणून हे काम सूर्य वर आल्यावरच कर.

जूनमध्ये हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल. मग साफ करून, जमिनीपासून उंच ठेवायचं.

सध्या एवढंच कर. दोन्ही मशीन या आठवड्यात बाहेर काढ, बंद असलेलं 15 फेब्रुवारीच्या आधी चालू झालंच पाहिजे. टोळीत जितकी माणसं तितक्या इअरमफची मागणी आजच लेखी रेंज ऑफिसला दे, आवक क्रमांक घे आणि तो क्रमांक मला कळव. निधी नाही असं उत्तर आलं तर मला फोन कर, पहिले चार मी इथून पाठवतो.

तुझा,
मामा